सीनाकाठचं घराणं आणि आपण



शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत. इतिहासाला मात्र आपण दारं लावतो: हा तुमचा, हा आमचा.

आपल्या जिल्ह्याचंच पाहा. मलिक अहमदने 1490 मध्ये बहमनी फौज हरवली आणि त्याच रणाजवळ, सीना नदीकाठी, अहमदनगर वसवलं. त्याचे वडील मलिक हसन मूळचे पाथरीच्या ब्राह्मण घरातले. म्हणजे निजामशाही घराणं याच मातीतलं. याच घराण्याची लेक चांदबीबी. 1595-96 च्या वेढ्यात तिने नगरचा किल्ला मोगलांपासून राखला. दोन्हीकडे मुसलमान, लढाई राज्याची होती. पुढे 1633 मध्ये दौलताबाद पडलं, तेव्हा शहाजीराजांनी संगमनेरजवळ पेमगिरीवर याच घराण्यातलं मूल गादीवर बसवलं आणि 1636 पर्यंत झुंज दिली.

2024 मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं. चौंडीच्या अहिल्याबाई आपल्याही आदराच्या. पण मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे नवा बदल करताना जुनी नोंद पुसत नाहीत.

तेव्हा कुणी ‘बाहेरचे’ म्हटलं तर चिडू नका. त्याला सोबत घेऊन फराहबाग बघायला जा आणि हे सगळं शांतपणे सांगा.