रपेट की शर्यत?



घोडा म्हटला की आपणांस पैज आठवते. आम्ही मात्र आज रेसकोर्सविषयी बोलणार नाही. डोंगरवाटांनी दिवसभर चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या रपेटीविषयी, आणि तीतही नवशिक्यांच्या रपेटीविषयी आम्हांला बोलावयाचे आहे. तिला शर्यत मानावे काय?

शर्यत मानल्याचे फळ १८९२ साली दिसले. बर्लिन आणि व्हिएन्ना यांच्या दरम्यान लष्करी अधिकाऱ्यांनी घोडे पिटाळले. पहिला आलेल्या स्टारहेम्बर्गचा घोडा मेला. दुसरेही कित्येक दगावले. पुढे १९५५ साली वेंडेल रोबी यांनी कॅलिफोर्नियात ताहो सरोवराकडून ऑबर्नपर्यंत शंभर मैलांची एका दिवसाची रपेट सुरू केली. अमेरिकेत १९७२ साली या खेळाची मध्यवर्ती संस्था निघाली. रपेट पुरी करणे हेच जिंकणे, हे तिचे ब्रीद.

तेथे २५ ते ३५ मैलांचा छोटा पल्लाही आहे, आणि त्याचा एक नियम आम्हांला फार आवडतो. घोड्याने रेषा ओलांडली म्हणून घड्याळ थांबत नाही. नाडी मिनिटाला ६० वर आली म्हणजे थांबते. भरधाव आलेला स्वार मग घोड्यावर पाणी ओतीत ताटकळतो. शेवटचा मैल खाली उतरून, तंग सैल करून पायी आलेला मागाहून पोचतो आणि पुढे निघून जातो! ज्याने हा नियम केला त्याला घोडा कळला होता खास.

पण नाडी सगळेच सांगत नाही. घोड्याचा दम काही महिन्यांत वाढतो. पायांच्या शिरा आणि हाडे कणखर व्हावयास वर्षे लागतात. नवा घोडा म्हणूनच फसवतो. त्याला धावावेसे वाटते, स्वाराला धाववावेसे वाटते, नाडीही झटकन उतरते, आणि पाय मात्र आतून दुखावत असतो. पल्ला छोटा, म्हणून धोकाही छोटा, हा समज खोटा आहे. छोट्या पल्ल्यातच वेगाचा मोह अधिक.

कोणी म्हणेल, छोट्या पल्ल्यात मुरलेले स्वार आणि उतारवयातले घोडेही येतात. त्यांना चुरस का नको? त्यांना खुशाल असू द्यावी, पण त्यांची यादी निराळी ठेवावी. नवशिक्यांचे क्रमांक छापूच नयेत. ब्रिटनमध्ये नवख्यांच्या रपेटीत वेगाला वरचीही मर्यादा घालतात. फार लवकर पोचणे तेथे दोष ठरतो. आम्हांला ही रीत पटते.

मग बक्षीस कोणाला, असे मुले विचारतील. टेव्हिस चषकाच्या रपेटीत १९६४ पासून हॅगिन चषक आहे. पहिल्या दहांतील सर्वांत धडधाकट घोड्याला तो मिळतो, आणि ती तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी होते. नवशिक्यांसाठी त्यातली दहांची अट तेवढी काढून टाकावी.