दिवा मालवण्याची गोष्ट



आत्ताच दीपप्रज्वलन झाले. अशा प्रसंगी दिवा मालवण्याचे नाव कोणी काढत नाही. मी मात्र आज त्याबद्दलच बोलणार आहे. टेबलावरच्या फोनवर निरोप आला की लुकलुकतो, त्या तांबड्या दिव्याबद्दल.

हा दिवा मी नीट पाहिला तो धुळे-जळगावकडच्याच एका केळीच्या पेढीत. ईपीएबीएक्सला, म्हणजे पेढीच्या फोन-एक्सचेंजला, जोडलेली व्हॉइसमेलची पेटी नवीकोरी होती. पण दिवा सारखा डोळ्यांत खुपतो म्हणून कारकुनाने त्यावर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचा तुकडा डकवला होता. पेटी उघडली, तर ऐंशीच्या वर निरोप. त्यातला एक रावेरकडच्या शेतकऱ्याचा होता: घड कापून ठेवलेत, गाडी कधी येते? निरोप नऊ दिवसांपूर्वीचा होता. कापलेली केळी नऊ दिवस थांबत नाहीत.

यंत्राने आपले काम चोख केले होते. निरोप ऐकायचा कोणी, हे मात्र ठरलेच नव्हते.

आज आपण दूरध्वनीचे निरोप थेट कंपनीच्या ईमेलमध्ये आणण्याचा विचार करतो आहोत. कल्पना सोपी आहे. फोन उचलला गेला नाही की एक्सचेंज तो कॉल एसआयपी या इंटरनेट-फोनच्या पद्धतीने निरोपाच्या सर्व्हरकडे वळवते, आवाजाची फाइल तयार होते आणि मेलला जोडून मेलबॉक्समध्ये पडते. खरी मेख पुढे आहे. मेलमध्ये निरोप ऐकला की फोनवरचा दिवा मालवला पाहिजे. तो मालवला नाही, तर दोन पेट्या शेजारी-शेजारी ठेवल्या, एवढेच झाले.

आता हिशेब. दोनशे कर्मचारी, प्रत्येकाला दिवसाला एकेका मिनिटाचे पाच निरोप, म्हणजे रोज १००० मिनिटे. आवाज साठवण्याच्या जी.७११ या पद्धतीत सेकंदाला ६४ किलोबिट लागतात, म्हणजे मिनिटाला ४८० केबी. कामाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाला १४४ जीबी. तोच आवाज जीएसएमच्या १३ किलोबिटमध्ये बसवला, तर २९ जीबी. शिवाय मेलमधून जाताना जोडलेली फाइल सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. डिस्कची ऑर्डर देण्याआधी एवढे गणित कागदावर मांडायला दहा मिनिटे पुरतात.

मेल सर्व्हर दुपारी बंद पडला, तर निरोप घेणे थांबता कामा नये. आलेला निरोप तात्पुरता दुसरीकडे साठवून नंतर पोचवायची सोय आधीच हवी. पेटीचा पिन १२३४ ठेवू नका. अशा पेटीतून शिरून कोणी तुमच्या खर्चाने परदेशी फोन केले, तर बिल तुमच्याच नावावर येते. आणि एकाच विक्रेत्याच्या दावणीला बांधून घेऊ नका. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज सर्व्हर या आपल्या मेल सर्व्हरच्या २००७ च्या आवृत्तीत फोनचे निरोप मेलमध्ये आणण्याची सोय आणली आणि २०१९ च्या आवृत्तीत काढून टाकली. ज्यांनी आपली सगळी मांडणी त्याच खुंटीला टांगली होती, त्यांना नवी खुंटी शोधावी लागली.

निरोप ठेवायचे किती दिवस? इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी पत्रे जमवली, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ त्यांच्या नावाने उभे आहे. त्या पत्रांचे मोल मोठे आहे. पण व्यापाऱ्याच्या प्रत्येक 'हॅलो, फोन करा' या निरोपाला दप्तरात जागा द्यायची गरज नाही. सौद्याचा निरोप ठेवा, बाकीचे मुदतीने पुसा. माणसाचा आवाज ही त्याची व्यक्तिगत माहिती आहे आणि २०२३ पासून तिच्या संरक्षणाचा कायदाही आहे.

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा. आवाजाचे आपोआप लिखाण करणारी यंत्रणा मी मध्यंतरी वापरून पाहिली. धुळ्याकडचा एक गृहस्थ आपल्या बोलीत म्हणाला, "गाडी काब्र उनी नही?" यंत्राने 'काब्र'चे 'खबर' केले. गाडी का आली नाही, हा त्याचा सवालच त्यात हरवला. म्हणून लिखाणासोबत मूळ आवाज जोडलेलाच असू द्या.

बोली जाणणारा कान असला की असे होत नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि एका आप्ताने टिपून ठेवल्या, आणि १९५२ साली त्या पुस्तकरूपाने मराठीला मिळाल्या. टिपणारे घरचे होते, बहिणाबाईंची बोली त्यांच्या कानात मुरलेली होती.

निरोपालाही असा ऐकणारा माणूस लागतो. म्हणून तुमच्या आराखड्यात सर्व्हर, परवाने, बँडविड्थ यांच्या आधी एक रकाना आखा: हा निरोप कोण ऐकणार आणि किती वाजेपर्यंत? त्या रकान्यात माणसाचे नाव लिहा, 'विक्री विभाग' असे लिहू नका. ते नाव भरले गेले, तर चिकटपट्टी डकवायची वेळ येणार नाही.