दुसऱ्या लॅपटॉपला अडॅप्टर लावण्याआधी
एका लॅपटॉपसाठी घेतलेला युनिव्हर्सल अडॅप्टर दुसऱ्याला लावायचा असेल, तर आधी लॅपटॉप बंद करून उलटा करा आणि तळाचं लेबल वाचा. तिथे लिहिलेलं असतं, समजा, १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. व्होल्ट जुळायलाच हवेत. अडॅप्टरवर व्होल्ट निवडायचा खटका असेल, तर पिन लावण्यापूर्वी तो तपासा. २४ व्होल्टवर राहिला, तर लॅपटॉपचा बोर्ड जळू शकतो. अँपिअर जास्त असले तरी चालतात, कारण लॅपटॉप लागेल तेवढाच प्रवाह घेतो. कमी असले तर अडॅप्टर तापतो.

पिन घट्ट बसली म्हणून निश्चिंत होऊ नका. लेबलवर वर्तुळांचं छोटं चित्र असतं. मधला ठिपका अधिक की उणे, हे दोन्हीकडे सारखं हवं. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये मधली बारीक पिन अडॅप्टरची ओळख पटवते. ती पटली नाही, तर लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी भरत नाही.

यूएसबी-सी पीडी चार्जर व्होल्ट आपसूक जुळवतो, तिथे फक्त वॅट पाहा. आणि खरेदी करताना बीआयएस नोंदणीची खूण असलेलाच अडॅप्टर घ्या.