हा रोजा नव्हे, आजार आहे

(दारफाळणीच्या सणापूर्वीच्या शब्बाथाची समाप्ती झाल्यावर लंडन येथे केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून.)



दारफाळणीचा सण चार दिवसांवर आला आहे. कोकणातील आपल्या पूर्वजांनी बिरड्याचा रोजा, नव्याचा रोजा पिढ्यान्‌पिढ्या जपला. रोजा धरणाऱ्याविषयी आपल्या घरांत मोठा आदर असतो. त्या आदरापायीच तीन वर्षांपूर्वी माझ्या घरात शिरलेला आजार मला ओळखता आला नाही. माझ्या मुलीच्या संमतीने ही हकिगत सांगते.

ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिने प्रथम गोड सोडले, मग भात, मग आमच्याबरोबर जेवायला बसणे. मलिद्याचे चिमूटभर पोहेही ती नुसते हातात धरून ठेवी. त्या वर्षी तिने कडकडीत रोजा धरला आणि आम्ही तिच्या श्रद्धेचे कौतुक केले. दोन महिन्यांनी ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली.

या आजाराला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव १८७३ साली याच शहरातील वैद्य सर विल्यम गल यांनी दिले. भरमसाट खाऊन ते ओकून टाकण्याच्या आजाराला ‘बुलिमिया नर्व्होसा’ हे नाव जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली येथेच दिले. हे मुलींचे नखरे नव्हेत. मुलगे आणि प्रौढ माणसेही यात सापडतात. शरीर धडधाकट दिसत असतानाही आजार गंभीर असू शकतो. जेवण चुकविणे, जेवताच न्हाणीघरात जाणे, अन्नाविषयी अपराधी वाटणे, ही लक्षणे दुर्लक्षू नयेत.

उपासमार बुद्धीलाही ग्रासते. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे छत्तीस निरोगी तरुणांना स्वेच्छेने अर्धपोटी ठेवले गेले. ते खिन्न व चिडखोर झाले. अन्नावाचून त्यांना दुसरा विचार सुचेना. मग कोवळ्या वयाच्या मुलीला ‘समजून घे’ म्हटल्याने काय होणार?

गल यांच्या मते अशा रुग्णाची शुश्रूषा करण्यास आप्त सर्वांत अयोग्य. शंभर वर्षांनी लंडनच्याच मॉड्सली रुग्णालयात याच्या उलट पद्धत उभी राहिली. तिच्यात आईवडील प्रथम जेवणाची सूत्रे हाती घेतात, वजन सावरल्यावर ती हळूहळू मुलाकडे परत देतात, आणि दोष कोणालाच देत नाहीत. आमच्या घरी एकेक जेवण दीड दीड तास चाले. ती रडे, मी शेजारी बसून राही.

म्हणून शंका येताच जी. पी. कडे जा. केवळ वजनावरून नकार मिळाला, तर पुन्हा जा. इंग्लंडच्या एनएचएसने २०१५ साली मुलांसाठी मानक ठरविले आहे: तातडीच्या रुग्णावर एका आठवड्यात, इतरांवर चार आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखले, तर ९९९ ला फोन करा. ‘बीट’ ही संस्था १९८९ पासून कुटुंबांनाही मार्ग दाखविते.

राहिला रोजाचा प्रश्न. तल्मूदच्या ‘योमा’ या भागात त्याचा निर्णय आहे. रुग्ण म्हणाला अन्न हवे आणि वैद्य म्हणाला नको, तर रुग्णाचे ऐकावे. वैद्य म्हणाला हवे आणि रुग्ण म्हणाला नको, तर वैद्याचे ऐकावे. कारण रुग्णाच्या मनाला गुंगी चढलेली असते. त्या प्राचीन पंडितांनी माझ्या मुलीची अवस्था माझ्याआधी ओळखली होती.

गेल्या दोन दारफाळण्यांना ती जेवली. यंदाही डॉक्टरांच्या सांगण्यावरून जेवेल, आणि मी तिच्या शेजारी बसेन. आपल्यापैकी कोणाच्या घरी त्या दिवशी ताट वाढले गेले, तर कारण विचारू नका. आणि कोणी बारीक झालेले दिसले, तर ‘छान दिसतेस’ म्हणण्याआधी ‘बरी आहेस ना?’ एवढे अवश्य विचारा.

शालोम.