देवाच्या घराचा कागद
(मंदिर जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



मी कीर्तनकार नाही, वक्ताही नाही. तहसिलीत कारकुनी करणारा, एस. एस. सी. पर्यंत शिकलेला माणूस. कोणी पैसा दिला, कोणी बंडीभर रेती दिली, गवंड्यांनी घाम गाळला. माझ्या वाट्याला कागदाचे काम आले. तेवढेच सांगतो.

प्रथम माझी चूक कबूल करतो. सभामंडप वाढवायचे ठरले त्या बैठकीत मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "परवानगी ना? आठ दिवसांत आणतो." तहसिलीत बसतो, एवढाच त्याला आधार. पण गावठाणातल्या बांधकामाचा अर्ज तहसिलीत द्यायचा नसतो. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे तो ग्रामपंचायतीकडे द्यावा लागतो. अचलपूर शहरात असतो तर नगर परिषदेकडे दिला असता. आठ दिवसांचे कित्येक महिने झाले आणि मंडळींची बोलणी मी मुकाट्याने ऐकली.

एक आजोबा मला म्हणाले, "बाप्पा, देवाले कोनाची परवानगी लागते काय? आमच्या आज्यानं देऊळ बांधलं, त्यानं कोनाले अर्ज देल्ला होता?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. आज देतो.

अर्जासोबत जागेचा उतारा, नकाशा आणि विश्वस्तांचा ठराव लागला. आपले देवस्थान 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेले आहे. नोंदीचा उतारा काढला, तर पाचपैकी तीन विश्वस्त स्वर्गवासी! विश्वस्त बदलला की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. आपण तो वर्षानुवर्षे दिलाच नव्हता. मग सही कोणाची चालणार? आधी ते निस्तरले.

नंतर भूमी अभिलेख खात्याची मोजणी आली, आणि खरी गोष्ट उघडी पडली. पूर्वेकडचे चार खांब आपल्या जागेत नव्हतेच. ते मागच्या वस्तीच्या बोळीत येत होते. त्याच बोळीने त्या वस्तीची बैलबंडी जाते, पाण्याचा टँकर जातो आणि अखेरचा प्रवासही तिथूनच निघतो. खड्डे खोदून झाले होते. काही मंडळी म्हणाली, "देवाचे काम आहे, कोण अडवतो?" खरेच, त्या वस्तीतले कोणी तोंडावर बोलले नसते. पण मनातून दुखावले असते, आणि प्रसादाला आले नसते.

सार्वजनिक रस्त्यावर किंवा जागेवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांचे नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2009 रोजी दिलेला आहे. तो मी बैठकीत सांगितला. तरी पंचमंडळींनी खांब आत घेतले ते कायद्याच्या भीतीने नव्हे. मागच्या वस्तीतली एक म्हातारी एवढेच म्हणाली, "मारुतीराया आमचाबी हाये ना?" त्यावर सगळे गप्प झाले. मंडप लहान झाला, खोदलेले खड्डे बुजवले, नकाशा नव्याने काढला. आज त्याच वस्तीतल्या पोरांनी पंगत वाढली, ती आपण पाहिली.

आपल्या जिल्ह्याच्या गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, पण त्या स्वतःच्या नावावर ठेवल्या नाहीत. विश्वस्तांच्या हाती दिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. जागा निर्वेध असली म्हणजेच ती दुसऱ्याच्या हाती देता येते.

दुसऱ्या गावांची मंडळी इथे आली आहेत, त्यांना हात जोडून सांगतो: वर्गणीचे पावती पुस्तक छापण्याआधी विश्वस्तांची नावे तपासा. जागा गावठाणात की ई-क्लासमध्ये, ते पाहा. मोजणी करून घ्या. मंजुरी हाती पडल्यावरच कुदळ मारा. देणगीदाराचा रुपया पाडापाडीत जाऊ नये.

आणि आजोबा, आता तुमचे उत्तर. देवाला परवानगी लागत नाही. आपल्याला लागते, ती शेजाऱ्याची. कागद हा त्या शेजाऱ्याचा होकार आहे. तुमच्या आज्याने तो तोंडी घेतला असेल. आपण लेखी घेतला.

कमीजास्त बोललो असेन तर लेकरू समजून पोटात घाला. जय हनुमान!