माडीवरची शिकवणी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी काही विद्वान नाही. लहानपणी पाहिलेल्या एका इमारतीची हकिगत तेवढी आपल्यापुढे ठेवणार आहे.

आमचे नामपूर म्हणजे बागलाण तालुक्यातील, मोसम नदीकाठचे गाव. आमच्या गल्लीच्या टोकाला एक माडीचे घर होते. खाली भुसार मालाची वखार होती. बाजारच्या दिवशी तेथे बाजरीची पोती उतरत. वरची माडी रिकामी असे. त्या काळी चौथीनंतर मुलींना शाळेत पाठविण्यास घरचे तयार नसत. म्हणून मालकाने ती माडी मुलींच्या शिकवणीसाठी मोकळी करून दिली. कंदिलाच्या उजेडात दहा-पंधरा मुली बसत. माझी आपा त्यांत सर्वांत हुशार. तिच्या शेजारी बसूनच मी पहिली अक्षरे गिरवली.

पुढे व्यापार वाढला. पोती माडीवर चढली आणि शिकवणी बंद पडली. मालकाला दोष कसा द्यावा? जागा त्याची होती. परंतु "आमच्या ओसरीवर बसा", असे गल्लीतील एकाही घराने म्हटले नाही. आमच्याही नाही. आपाचे शिक्षण तेथेच थांबले. आजही नातवंडांच्या पुस्तकातील हिशेब ती तोंडी करते. पुढचे गणित अवघड आले की मुकाट्याने पुस्तक मिटते. त्या माडीवर नंतर भाडेकरू आले, शिवणकामाचे दुकान आले. शिकवणी मात्र पुन्हा भरली नाही.

इमारतींचे असेच असते. पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. पुढे त्याच वाड्यात दुकाने आली, वरचा भाग मोडकळीस आला. अखेर न्यायालयाच्या निकालानंतर २०२३ साली स्मारकासाठी तो वाडा पाडण्यात आला. वाडा गेला, पण तेथे सुरू झालेले काम वाड्याबरोबर गेले नाही. कारण ते पुढे चालविणारी माणसे होती. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचा उल्लेख आहे. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या, तेव्हा कामाचा भार फातिमेवर पडला होता. मुलींनो, हे नाव लक्षात ठेवा.

पालकहो, आपण संस्थेला वर्गणी देता, ती द्यावीच. पण आपल्या घरची ओसरी किंवा एखादी खोली रोज संध्याकाळी दोन तास गल्लीतील मुलामुलींना अभ्यासासाठी देता येईल का, याचा विचार करा. दिवा, चटई आणि लक्ष ठेवणारे एक वडीलधारे माणूस, एवढे पुरे. आणि एका घरची अडचण झाली, तर दुसऱ्या घराने त्याच संध्याकाळी दार उघडावे.

आमच्या गल्लीत ते दार उघडले नाही. तुमच्या गल्लीत उघडावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.