क्रूझवर जेवायचं कुठे?

सातारा-सांगलीला समुद्र नाही. पण साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे यांचं नाव आठवतं ना? त्यांचंच नाव घेऊन ‘आंग्रिया’ हे प्रवासी जहाज २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर आलं. पुढे २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ निघू लागलं. हे मुळात १९९० सालचं जहाज.

एम्प्रेसवर फूड कोर्ट आहे. आपण ताट घ्यायचं, हवं ते वाढून घ्यायचं. पोहे-इडलीपासून पास्त्यापर्यंत सारं एका छताखाली! इथलं जेवण तिकिटातच धरलेलं असतं. बसून, वाढप्याने वाढलेलं जेवायचं तर ‘स्टारलाइट’ आहे. आशियाई पदार्थांच्या ‘चॉपस्टिक्स’मध्ये मात्र खिशात हात घालावा लागतो. मद्याचेही पैसे वेगळे. कॉफी कुठली फुकट, कुठली विकत, हे आधीच विचारा. जहाज सोडताना हाती पडणारं बिल तिथेच फुगतं.

कांदा-लसूण नसलेलं जैन जेवणही मिळतं. पण ते तिकीट काढतानाच सांगून ठेवलेलं बरं. विजेची किटली किंवा शेगडी बरोबर नेऊ नका. आगीच्या भीतीने ती जहाजावर चालत नाही. सांगलीचं भडंग न्यायचं असेल, तर सीलबंद पुडा चालेल का, ते कंपनीला विचारून घ्या.

आणि पहिल्या रात्री, जहाज डुलत असताना, ताटात थोडंच वाढून घ्या. फूड कोर्ट सकाळीही उघडतं!